डीपीवरची पाळी : विद्युत नियामक आयोगास खानदेशातून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.

विषय : खानदेशातील कृषिपंपांच्या वीजमागणीचे वेळेनुसार नियोजन करण्याबाबत.

महोदय,

मी चोपडा तालुक्यात केळी पिकवतो आणि गावातच गेली पंचवीस वर्षे मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. म्हणजे मी वीज वापरणारा तर आहेच, पण विजेने जाळलेले पुन्हा उभे करून त्यावर घर चालवणाराही आहे. हे आधीच सांगण्याचे कारण असे की या पत्रात मी जे मागणार आहे ते खरोखर झाले, तर दुकानातले माझे उन्हाळ्याचे काम निम्म्यावर येईल. तेव्हा या मागणीत माझा स्वार्थ कोणी शोधलाच, तर तो बागेत सापडेल, दुकानात नाही.

एप्रिल लागला की चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागतो, केळीला पाण्याचा एक दिवसही चुकवता येत नाही आणि माझ्या दुकानाच्या ओसरीत जळालेल्या सबमर्सिबल मोटारी ओळीने येऊन पडतात. मोटार उघडून स्टेटर, म्हणजे तिचा कॉइली बसवलेला स्थिर भाग, पाहिला की ती कशाने गेली ते कळते. स्टार जोडणीच्या मोटारीत दोनच फेजच्या कॉइली जळून तिसऱ्या फेजच्या शाबूत राहिल्या असतील, तर लाइनीतला एक फेज गेल्यावरही मोटार तशीच ओढत राहिली असे समजावे; तिन्ही फेज सारखेच काळे पडले असतील, तर मोटारीला विजेचा दाब (व्होल्टेज) कमी मिळाला किंवा तिच्यावर भार जास्त पडला. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात माझ्याकडे पहिल्या प्रकारच्या मोटारी अधिक येतात. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या प्रकारच्याच येतात, आणि पुष्कळदा एकाच डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, तीन-चार मोटारी एकाच आठवड्यात येतात. ही गोष्ट मी कोणत्याही अहवालातून उचललेली नाही. ती माझ्या दुकानाच्या वहीत वर्षानुवर्षे लिहिलेली आहे.

याचे कारण आमच्या शिवारात सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी थ्री फेज आली की कोणीतरी बांधावरून ‘लाइट उनी!’ अशी हाक द्यायचा आणि मग ज्याचा तो आपापल्या विहिरीकडे निघायचा. कोणाला पोहोचायला पाच मिनिटे लागत, कोणाला अर्धा तास लागे, आणि त्यामुळे पंप आपोआपच मागेपुढे सुरू होत. आता प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला आहे. वीज आली की डीपीवरचे सगळे पंप एका क्षणात सुरू होतात, मालक शेतात असो, घरी झोपलेला असो की लग्नाला गेलेला असो. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर (तारेतला प्रवाह कमी करणारे उपकरण) बसवा असे आवाहन महावितरण करते. ते आवाहन योग्यच आहे, पण कोणीही ऑटो काढत नाही. का काढत नाही, याचा विचार त्या आवाहनात नाही, आणि माझ्या मते खानदेशातील वीजमागणीच्या व्यवस्थापनाचा सगळा प्रश्न त्या ‘का’मध्ये आहे.

आधी त्या एका क्षणाचा हिशेब मांडतो. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीवर पाच अश्वशक्तीचे सोळा पंप आहेत असे धरू. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॉट, मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, ०.८ धरला तर प्रत्येक पंप सुमारे ५.८ केव्हीए मागतो आणि सोळा पंपांचे मिळून ९३ केव्हीए होतात. कागदावर डीपी पुरते. परंतु इंडक्शन मोटार सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, आणि सोळा ऑटो तो प्रवाह एकदमच ओढायला लावतात. दाब कोसळतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे लाइनीच्या शेवटच्या खांबावर ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट मिळाले, तर मोटारीचा जोर ६७ टक्क्यांवर येतो. अशी मोटार वेग धरू शकत नाही, जादा प्रवाह ओढत गरम होत राहते, आणि एक तर ती स्वतः जळते किंवा डीपीला घेऊन जाते. सगळे पंप कसेबसे सुरू झालेच, तरी पुढचे आठ तास शेवटच्या खांबावरचा शेतकरी कमी दाबावर कमी पाणी काढतो आणि तेवढे पाणी पुरे करण्यासाठी पंप अधिक वेळ चालवतो.

तारेत उष्णतेच्या रूपाने जी वीज वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढेच पंप तेवढेच पाणी एकाच वेळी न उपसता निम्मे-निम्मे होऊन दुप्पट वेळात उपसू लागले, तर नुकसानीचा वेग चौथ्या हिश्शावर येतो, वेळ दुप्पट होते आणि एकूण नुकसान निम्मे उरते. यासाठी नवीन पंप घ्यावा लागत नाही, नवीन तार ओढावी लागत नाही, कोणाचे पाणीही कमी होत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रात एक युनिट वीज तयार करायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, आणि त्या युनिटाचा एक हिस्सा आमच्या शिवारातल्या तारा तापवण्यात जातो. भुसावळकडे जाताना मी ती धुराडी पाहतो तेव्हा मला हटकून आमच्या डीपीवरचे ऑटो आठवतात.

आयोगाने २०१० मध्ये या विषयावर दोन विनियम केले : एक वीजमागणी व्यवस्थापनाच्या अंमलबजावणीचा आणि दुसरा त्यातील उपायांचा खर्च आणि लाभ तपासण्याचा. वितरण कंपनीने या कामासाठी स्वतंत्र कक्ष ठेवावा, ग्राहकांच्या भाराचा अभ्यास करावा आणि मान्य झालेल्या कार्यक्रमांचा खर्च वार्षिक महसुली गरजेत धरावा, अशी त्यांची मांडणी होती. ही मांडणी मला उत्तम वाटते. परंतु ऊर्जा कार्यक्षमता म्हटले की आजही लोकांच्या डोळ्यांपुढे दिवाच येतो. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि घरोघरी एलईडी दिवे पोहोचले, हे चांगलेच झाले. शेतीच्या बाबतीतही विचार झाला तो उपकरण बदलण्याचाच : सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पुढाकाराने सुमारे २,२०० जुने पंप काढून तेथे कार्यक्षम पंप बसवण्याचा प्रयोग झाला. त्या प्रयोगाविषयी मला आदर आहे. पण कार्यक्षमतेचे तारे मिळालेला पंपही ३४० व्होल्टवर जळतो, आणि एकदा जळून माझ्यासारख्याच्या दुकानात आला की त्याचे तारे फारसे उरत नाहीत. कारण घाईच्या दिवसांत मूळ जाडीची तार मिळाली नाही तर तिच्या जवळपासची तार भरली जाते, हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध लिहितो आहे.

घरात दिवा कधी लावायचा हे घरातला माणूस ठरवतो. पंप कधी लागणार हे शेतकरी ठरवत नाही. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री, असे जे वेळापत्रक येते ते ठरवते. म्हणून ज्याला ‘शेतीची मागणी’ म्हणतात ती बऱ्याच अंशी पुरवठ्याच्या वेळापत्रकाची सावली असते, आणि ते वेळापत्रक सरळ केल्याशिवाय सावली सरळ होणार नाही.

आता ऑटो का निघत नाही ते सांगतो. वीज रात्री बाराला येणार असे ठरलेले असते आणि ती कधी साडेबाराला येते, कधी दोनला येते, आणि तासाभरात पुन्हा जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांच्या बागा आहेत त्यांना रात्री बिबट्याची धास्ती असते, आणि साप तर सर्वत्रच आहेत. केळीच्या बागेत रात्री बॅटरीच्या उजेडात दोन पावलांपलीकडचे दिसत नाही. अशा बागेत वीज येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा चारशे-पाचशे रुपयांचा ऑटो लावून घरी झोपणे, हा शेतकऱ्याचा निर्णय पूर्णपणे शहाणपणाचा आहे. प्रत्येकाने असे शहाणपण केले की सगळ्यांची मिळून डीपी जळते, एवढीच त्यातली अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी आमचीही डीपी ऐन एप्रिलमध्ये जळाली. तिच्यावर चौदा पंप होते. दुसरी येईपर्यंतच्या दिवसांत दोघातिघांच्या बागा माना टाकून उभ्या राहिल्या, आणि त्या काळात आम्ही चौदा जण मारुतीच्या ओट्यावर बसलो. दोष कोणाचा यावर अर्थातच आधी बरीच भांडणे झाली. शेवटी असे ठरले की सात-सातचे दोन गट करायचे, एका गटाने वीज आल्याबरोबर पंप लावायचे, दुसऱ्याने चार तासांनी, आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. ऑटो सगळ्यांनी काढून ठेवले. वही मी ठेवली. पहिल्याच दिवशी शेवटच्या खांबावरच्या मीटरने ३९० व्होल्ट दाखवले आणि ज्यांच्या ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत कधी पाणी पोहोचत नव्हते त्यांच्या नळ्या फुगल्या. हा कारभार अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी दिवसा यायची वीज आली नाही, ती रात्री एकला आली आणि पहाटे चारला गेली. म्हणजे पहिल्या गटाला तीन तास मिळाले आणि दुसऱ्याला काहीच मिळाले नाही. मला यात कोणाला दोष द्यायचा नाही, वर कुठेतरी मागणी वाढली असेल किंवा काही बिघाड झाला असेल. पण तेराव्या दिवशी दुसऱ्या गटातल्या सातही जणांनी ऑटो परत लावले, आणि चौदाव्या दिवशी आम्हीही लावले.

खानदेशाला पाळी नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठच्या गावांनी शेकडो वर्षे फड पद्धत चालवली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, त्या पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचे एकच पीक आणि पाण्याच्या ठरलेल्या पाळ्या. पाटावर देखरेख करायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचे मोल गावच देई. पाणी कमी असलेल्या वर्षी काही फड कोरडे ठेवले जात, आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसे. या पद्धतीचे कौतुक करताना लोक गावकीच्या एकोप्याचे गोडवे गातात. आमच्या अकरा दिवसांनंतर मला त्यातली दुसरी बाजू दिसली : पाटाला पाणी केव्हा आणि किती येणार हे फडातल्या माणसाला समोर बंधाऱ्यात दिसत होते. आपली पाळी नक्की येणार याची खात्री असलेला माणूस दुसऱ्याच्या पाळीत हात घालत नाही.

विजेच्या बाबतीतही महाराष्ट्राने हा अनुभव घेतलेला आहे. भारनियमन ऐन भरात होते त्या काळात, २००५ च्या सुमारास, अक्षय प्रकाश योजनेत सामील झालेल्या गावांनी संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळेत पंप न लावण्याचे ठरवले आणि त्याच्या बदल्यात त्या वेळेत घरातल्या दिव्यांना अखंड वीज मिळवली. गावांनी शब्द पाळला, कारण बदल्यात काय मिळते ते त्याच संध्याकाळी घरात दिसत होते. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, वेगळे झाले आणि तशा कराराची गरज संपली. शेजारच्या गुजरातने ज्योतिग्राम योजनेत फीडर वेगळे करण्याचे काम आधीच उरकले होते. नवापूरकडच्या माणसाला ते हद्दीपलीकडे रोज दिसत असे. पण फीडर वेगळा झाल्याने घरातला दिवा सुटला, आणि शेतीच्या फीडरवरची रेटारेटी शेतीच्याच फीडरवर राहिली.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की जळगाव परिमंडळातील काही शेती फीडर निवडून तेथे दोन पाळ्यांचा दिवसाचा पुरवठा किमान एक पूर्ण वर्ष चालवून पाहावा. डीपीवरच्या निम्म्या पंपांना सकाळी ६ ते दुपारी २ आणि उरलेल्या निम्म्यांना सकाळी १० ते सायंकाळी ६ अशी वेळ द्यावी. दोन्ही गटांना पूर्ण आठ तास मिळतात, आणि सगळे पंप एकत्र चालतात ते फक्त १० ते २ या चार तासांत, म्हणजे नेमके सूर्य डोक्यावर असताना. साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प याच वेळेत भरात असतो, आणि २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जे प्रकल्प उपकेंद्रांशी जोडले जात आहेत तेही याच वेळेत भरात असतात. सूर्य ज्या आकाराने चढतो आणि उतरतो त्याच आकाराने शेतीचा भार चढवता आणि उतरवता येतो. केळीची त्याला काही हरकत नसते. साक्रीजवळच ब्राह्मणवेलच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या भरात येतात त्या पावसाळ्यात, जेव्हा आमचे पंप बंद असतात, त्यामुळे त्यांच्यावर आमचा भार टाकता येत नाही. उन्हाळ्यात आमचा सोबती सूर्यच आहे. तास एखाददुसरा इकडेतिकडे करावा लागेल, विशेषतः संध्याकाळच्या टोकाला, ते अभियंत्यांनी ठरवावे.

या प्रयोगाची अट एकच असावी : ठरलेली वेळ चुकली, तर चुकलेले तास त्याच आठवड्यात त्याच गटाला दिवसा भरून मिळावेत, आणि ही नोंद डीपीच्या खांबावर कोणालाही वाचता येईल अशी लावावी. बंधाऱ्यातले पाणी दिसते तशी वीज दिसत नाही, म्हणून ती अशा रीतीने दाखवावी लागेल.

गट वेगळे कसे करायचे, असा प्रश्न येईल. प्रत्येक पंपाला महागडे यंत्र बसवण्याची गरज नाही. ऑटोमध्येच टायमर असलेले प्रकार बाजारात मिळतात. पहिल्या गटाला काही मिनिटांचा आणि दुसऱ्याला काही तासांचा विलंब लावता येतो. ऑटो काढा असे सांगण्याऐवजी हा टायमरवाला ऑटो आणि त्याबरोबर योग्य क्षमतेचा कपॅसिटर वितरण कंपनीने वीजमागणी व्यवस्थापनाच्या खर्चातून बसवून द्यावा, अशी माझी सूचना आहे. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर गेला, तर तेवढ्याच कामासाठी लागणारा प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. आजवर बसवलेले पुष्कळसे कपॅसिटर स्टार्टरच्या पेटीत सुटे होऊन लोंबत असतात, हे मी रोज पाहतो; कारण ते बसवणाऱ्याला बसवल्याचे पैसे मिळाले, चालू ठेवल्याचे नाही. प्रत्येक डीपीवर एका माणसाला, हवे तर त्याला जागल्याच म्हणा, वर्षाकाठी ठरावीक मानधन देऊन कपॅसिटर, टायमर आणि नोंदवही सांभाळायला लावावे. डीपी बदलण्याच्या खर्चापुढे ते मानधन काहीच नाही.

दुसरी गोष्ट मापाची. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५५ नुसार मीटरशिवाय वीजपुरवठा करायचा नाही. प्रत्यक्षात शेतीत मीटर नसलेले किंवा बंद पडलेले पंप पुष्कळ आहेत आणि त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. ही अश्वशक्तीच मुळात खरी नसते. मंजूर भार साडेसातचा आणि बोअरमध्ये दहाची मोटार, हे माझ्या दुकानात इतके नेहमीचे आहे की मी मोटारीवरची पाटी वाचतच नाही, स्टेटरची लांबी मोजतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही. त्यामुळे साडेसातच्या आत राहण्याचे आणखी एक कारण लोकांना मिळाले. यावर छापे टाकून काही साधणार नाही. प्रत्येक शेती डीपीवर एक चांगला मीटर बसवा, तेवढा पुरे. डीपीची खरी भूक कळली की तिच्यावर किती पंप बसतात, गट कसे पाडायचे आणि कुठे दुसरी डीपी हवी, ही सगळी उत्तरे त्यातून निघतात. आणि वैयक्तिक मीटरला शेतकऱ्याचा जो विरोध असतो तो डीपीच्या मीटरला होणार नाही.

बिल माफ असताना शेतकरी वीज का वाचवेल, हा प्रश्न शहरातली माणसे मला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. वीजग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांत दर जास्त ठेवण्याची तरतूद आली, पण तिच्यातून शेतीला वगळले आहे; आणि वगळले नसते तरी शून्य रुपयांचे वीस टक्के शून्यच होतात. दराच्या वाटेने आमच्यापर्यंत पोहोचता येणार नाही. पंजाबने २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ योजनेत वेगळी वाट धरली : वीज फुकटच ठेवली, पण ठरवून दिलेल्या युनिटांपेक्षा जेवढी कमी वापरली जाईल तेवढ्या प्रत्येक युनिटामागे शेतकऱ्याला चार रुपये दिले. आपल्याकडे हे डीपीच्या पातळीवर करावे असे मला वाटते. डीपीच्या मीटरवर मागच्या तीन वर्षांच्या पाऊसमानाशी ताडून एक मर्यादा ठरवावी आणि तिच्या आत राहिलेल्या डीपीच्या सभासदांना बचतीचा वाटा द्यावा. एकेकट्याला पैसे दिले तर तो शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी घेऊन स्वतःची बचत दाखवेल. सगळ्या डीपीला दिले तर शेजारीच त्याच्यावर लक्ष ठेवील.

आमच्या भागात या बचतीचा पाण्याशी थेट संबंध आहे. एक लाख लिटर पाणी ५० मीटरवरून वर आणायला निव्वळ भौतिक हिशेबाने साडेतेरा युनिटांच्या वर वीज लागते; मोटार आणि पंप मिळून कार्यक्षमता ४० टक्के असेल तर ती ३४ युनिटे होते. तेच पाणी १०० मीटरवर गेले की ६८ युनिटे लागतात. चांगला, ५५ टक्के कार्यक्षमतेचा संच बसवला तर ती ५० युनिटांवर येतात. म्हणजे पंप कितीही सुधारला तरी पाणी दुप्पट खोल गेल्याचे नुकसान भरून निघत नाही. रावेर आणि यावल तालुक्यांत भूजलाचा उपसा भरणापेक्षा जास्त आहे, हे सरकारी भूजल अहवालांतही नोंदलेले आहे. जळगाव जिल्हा ठिबकसाठी देशभर ओळखला जातो आणि केळीच्या बागेत आज पाटपाणी क्वचितच दिसते. पण ठिबकने वाचलेले पाणी शेजारच्या दोन एकरांत नवी केळी लावण्यासाठी वापरले गेले, ही गोष्ट आम्ही शेतकरी उघडपणे बोलत नाही. मी स्वतः तेच केले आहे.

सौरपंपांविषयीही थोडे लिहितो. ज्याच्याकडे सौरपंप आला त्याची रात्रपाळी संपली, ऑटो गेला, डीपीचे भांडण गेले. त्याच्या घरच्यांना विचारावे, ते दुवा देतात. परंतु जिथे पाणी खोल चालले आहे तिथे रोज फुकट चालणारा आणि कोणत्याही मीटरला न जोडलेला पंप हा पाण्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचा आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ पासून सहकारी संस्था करून सौरपंपांची उरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. विकता येते म्हटल्यावर गरज नसताना पाणी उपसण्याचे कारण त्यांना उरले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जे सौरपंप बसतील त्यांपैकी निदान काही ग्रीडला जोडून द्यावेत, आणि आयोगाने त्या विजेचा खरेदीदर असा ठरवावा की पाणी विकण्यापेक्षा वीज विकणे परवडेल.

शहरांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जळगाव, भुसावळ, धुळ्यात मे महिन्यात पंखा बंद होतच नाही. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो दिवसाला बारा तास, वर्षातले २४० दिवस चालला, तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १३० युनिटे वाचतात. वाळ्याच्या कूलरवर भागत होते अशा घरांत आता एसी येत आहेत, आणि त्यांचा भार नेमका सूर्य मावळल्यावर पडतो. तिथे शेतकऱ्याच्या पंपाला दोष देता येणार नाही. जळगावच्या डाळमिल आणि चटईचे कारखाने यांना वेळेनुसार दर पूर्वीपासून लागू आहेत आणि ते आपली गणिते चोख करतात. सुटला आहे तो सावदा-रावेर पट्ट्यातील केळीच्या शीतगृहांचा आणि पिकवण्याच्या चेंबरचा भार. दुपारी चेंबर अंशभर जास्त थंड करून ठेवले, तर संध्याकाळी कॉम्प्रेसरला काही वेळ विश्रांती देता येते. भिंती नीट असतील तर घडांना ते कळतही नाही. याची मोजणी कोणी करून दाखवली तर चेंबरवाले लगेच ऐकतील, असा माझा त्यांच्याशी बोलण्यातला अनुभव आहे.

महोदय, माझी विनंती अशी की दोन पाळ्यांच्या प्रयोगासाठी फीडर निवडण्याचे निर्देश येत्या हिवाळ्यातच द्यावेत, म्हणजे मीटर आणि टायमर मार्चपूर्वी बसतील. एप्रिलमध्ये बसवायला घेतले तर कोणीही शेतकरी दोन तासांसाठीसुद्धा पंप बंद ठेवू देणार नाही. जनसुनावणी मुंबईऐवजी किंवा नाशिकऐवजी एकदा चोपड्यात किंवा शहाद्यात घ्यावी आणि ती दुपारी घ्यावी.

आमच्या डीपीवरचे चौदाही जण पुन्हा बसायला तयार आहेत. चौदा पंपांची यादी मी करून ठेवली आहे. तिच्यात प्रत्येकाची मंजूर अश्वशक्ती, बोअरची खोली, कपॅसिटर आहे की नाही, आणि मालकांच्या संमतीने मोटारीची खरी अश्वशक्तीही लिहिली आहे. आपला कोणी अभियंता पाहायला आला तर त्याने दोननंतर यावे. सकाळी मी बागेत असतो, आणि त्या अकरा दिवसांची वही दुकानातल्या कपाटात आहे.

आपला,
एक केळी उत्पादक व मोटार रिवाइंडर,
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव.